वाचनालयात वाचक का येत नाहीत, आलेले का टिकत नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गावातली, पेठेतली, सोसायट्यांमधली छोटी-मध्यम वाचनालयं चालवणारे कार्यवाह, ग्रंथपाल आणि हौशी कार्यकर्ते जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं दोन ते वीस हजार पुस्तकांच्या वाचनालयांना धरून आहेत. एखादा मुद्दा दुसऱ्या प्रश्नात आला असेल तर त्याचा क्रमांक दिला आहे.

१. लोकांचं वाचनच कमी झालंय. मग वाचनालयाने काय करायचं?

मोबाइलने वेळ खाल्ला हे खरंच आहे. पण ज्या गावात वाचनालय ओस पडलंय त्याच गावात पुस्तक प्रदर्शन लागलं की संध्याकाळी गर्दी होते आणि लोक पदरचे पैसे मोजून पुस्तकं नेतात. म्हणजे वाचणारा माणूस गावात आहे, तो आपल्याकडे येत नाहीये. बहुतेक ठिकाणी कारणं अगदी साधी सापडतात: वेळ गैरसोयीची, पुस्तकं कुलपात, नवीन पुस्तकं हाती लागेपर्यंत जुनी झालेली, आणि "पुढे काय वाचू" याला उत्तर देणारं कोणी नाही. ही चारही कारणं कार्यकारिणीच्या हातातली आहेत.

२. आमच्याकडे नेमकी गळती कुठे होतेय, हे कसं शोधायचं?

देवघेव रजिस्टर घेऊन बसा. संगणकावर नोंद असेल तर तासाभराचं काम आहे, वही असेल तर दोन-तीन संध्याकाळी जातील. प्रत्येक सभासदापुढे तीन गोष्टी लिहा: सभासद झाल्याची तारीख, शेवटचं पुस्तक नेल्याची तारीख, एकूण किती पुस्तकं नेली. मग त्यांचे चार गट पडतात.

पहिला गट, एकही पुस्तक न नेलेले. हे बहुधा कुणाच्या भिडेखातर किंवा एखाद्या मोहिमेत सभासद झालेले असतात. त्यांच्यासाठी फार जीव टाकू नका.

दुसरा गट, एक ते तीन पुस्तकं नेऊन थांबलेले. हा गट मोठा असेल तर दोष स्वागतात आणि मांडणीत आहे (प्रश्न ५ आणि ८ पाहा).

तिसरा गट, वर्ष-दोन वर्षं नियमित येऊन मग बंद झालेले. यांच्या आवडीचा साठा वाचून संपलेला असतो. इथे दोष खरेदीत आहे (प्रश्न ७).

चौथा गट, अजून येणारे. त्यांचं वय, येण्याची वेळ आणि वार बघा. सगळे निवृत्त आणि सगळे सकाळी येणारे असतील तर तुमची वेळच बाकीच्यांना अडवतेय (प्रश्न ३).

दुसऱ्या आणि तिसऱ्या गटातल्या पंधरा-वीस जणांना फोन करा. "का येत नाही?" असं विचारलं की माणूस "वेळ मिळत नाही हो" म्हणून मोकळा होतो. त्यापेक्षा "शेवटचं नेलेलं पुस्तक पूर्ण झालं का, आणि त्यानंतर काय हवं होतं?" असं विचारा. खरी कारणं या उत्तरांतून बाहेर येतात.

३. वाचनालय किती ते किती उघडं ठेवावं?

सकाळी अकरा ते पाच ही कार्यालयीन वेळ वाचनालयाला सगळ्यात घातक. त्या वेळात नोकरदार, विद्यार्थी, दुकानदार कोणीच येऊ शकत नाही. चारच तास उघडणं शक्य असेल तर सकाळी साडेआठ ते साडेदहा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेसात असे दोन भाग करा. शहरात संध्याकाळची वेळ साडेआठपर्यंत लांबवा. रविवारी सुट्टी न घेता सोमवारी घ्या. आठवडी बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून लोक गावात येतात, त्या दिवशी दुपारीही दार उघडं हवं. वेळ ठरल्यावर वर्षभर ती बदलू नका, कारण दोनदा कुलूप बघितलेला माणूस तिसऱ्यांदा वाट वाकडी करत नाही. शासनमान्य वाचनालयांना त्यांच्या वर्गानुसार (अ, ब, क, ड; प्रश्न ६ पाहा) किमान तासांची अट असते, ती जिल्हा ग्रंथालय कार्यालयातून तपासून घ्या.

४. कपाटं उघडी ठेवली तर पुस्तकं चोरीला जातील ना?

काही जातील. तरीही मुक्तद्वार ठेवा. यादीतून नाव शोधायचं, चिठ्ठी लिहायची आणि शिपायाने आतून पुस्तक आणून द्यायचं, या पद्धतीत फक्त आधीपासून ठाऊक असलेलंच पुस्तक मागता येतं. वाचक टिकतो तो चाळता चाळता अनपेक्षित सापडलेल्या पुस्तकामुळे.

चोरी कमी करायला तीन उपाय पुरतात. येण्याजाण्याचा रस्ता एकच, आणि देवघेवीचं टेबल त्याच्याच तोंडाशी. पिशव्या दाराशी ठेवायच्या. दाखल क्रमांक (पुस्तक आल्यावर नोंदवहीत त्याला मिळणारा अनुक्रमांक) पहिल्या पानावर, शेवटच्या पानावर आणि मध्ये एका ठरावीक पानावर (समजा, पान ३१) लिहायचा. दुर्मिळ ग्रंथ, हस्तलिखितं, जुन्या मासिकांच्या बांधीव फाइली आणि कोश मात्र कुलपातच ठेवा आणि तिथेच बसून वाचायला द्या.

५. पुस्तकं विषयवार लावावीत, लेखकवार की क्रमांकवार?

दाखल क्रमांकाने लावलेलं वाचनालय ग्रंथपालाला सोपं आणि वाचकाला बंद असतं. १२०४ नंतर १२०५, म्हणजे कादंबरीशेजारी शेतीचं पुस्तक आणि त्याशेजारी आरती संग्रह. ही पद्धत पहिल्यांदा मोडा.

ड्यूई दशांश वर्गीकरण, म्हणजे प्रत्येक विषयाला ठरावीक आकडा देणारी पद्धत, वापरायला हरकत नाही. त्यात मराठी साहित्य ८९१.४६ खाली येतं, कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. पण छोट्या वाचनालयात अर्ध्याहून अधिक पुस्तकं या एकाच आकड्याखाली येऊन पडतात, म्हणून आत पुन्हा मोकळी, वाचकाच्या भाषेतली विभागणी लागते: ऐतिहासिक, सामाजिक, ग्रामीण, रहस्य, विज्ञानकथा, अनुवादित, विनोदी. प्रत्येक विभागात लेखकाच्या आडनावाने अकारविल्हे. पाठीवरच्या लेबलवर आकडा असू द्या, पण रॅकवरची पाटी ठळक मराठीतच हवी.

मापांचंही बघा. तीन फुटी फळीवर साधारण पंचेचाळीस मध्यम जाडीची पुस्तकं ठासून मावतात. तिथे तेहेतीस-चौतीसच ठेवा. ठासलेल्या फळीतून पुस्तक ओढताना पाठीचा वरचा कोपरा फाटतो आणि एका हाताने ते निघतही नाही. मोकळ्या राहिलेल्या जागेत दोन-तीन पुस्तकं मुखपृष्ठ समोर येईल अशी उभी करा. सगळ्यात वरची आणि तळाची फळी कोणी चाळत नाही, तिथे संदर्भग्रंथ आणि जुने संच ठेवा.

बऱ्याच पुस्तकांत शेवटच्या पानावर परतीच्या तारखांचा कागद चिकटवलेला असतो. तो नीट बघावा. एखाद्या कादंबरीवर २०१३ पर्यंत दर महिन्याला निळा शिक्का, आणि मग एकदम काहीच नाही. पुस्तक तेच, पानं धड, बांधणी घट्ट. त्या वर्षी ते खिडकीजवळच्या रॅकवरून मागच्या खोलीत गेलेलं असतं. अशी पुस्तकं पुन्हा पुढे आणली की खरेदीचा रुपया न घालवता साठा ताजा होतो.

६. जुनी, फाटकी पुस्तकं बाद करावीत का? संख्या कमी झाली तर वर्ग जाईल अशी भीती वाटते.

भीती अगदीच निराधार नाही. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ चा, आणि त्याखालच्या नियमांत अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. वर्ग ठरताना ग्रंथसंख्या पाहिली जाते. म्हणून अनेक ठिकाणी पिवळी पडलेली क्रमिक पुस्तकं, कालबाह्य कायद्याची पुस्तकं, भेट आलेल्या एकाच स्मरणिकेच्या वीस प्रती रॅक अडवून बसतात आणि चांगली पुस्तकं त्यांच्या गर्दीत हरवतात.

मधला मार्ग असा. पाच वर्षांत एकदाही न गेलेली पुस्तकं आधी वेगळ्या खोलीत हलवा. ती दप्तरी राहतात आणि रॅक मोकळे होतात. त्यातली वाळवी लागलेली, पानं गहाळ झालेली, माहिती चुकीची ठरलेली पुस्तकंच बाद करायला घ्या. दाखल क्रमांकासह यादी, कार्यकारिणीचा ठराव, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांकडून प्रचलित नियमांची खातरजमा आणि दाखल नोंदवहीत लाल शाईने शेरा, हा क्रम पाळा. गावाचा इतिहास, स्थानिक लेखक, जुनी नियतकालिकं यांना मात्र कितीही धूळ बसलेली असली तरी हात लावू नका.

७. पुस्तक खरेदी कशी करावी? दर वर्षी पैसे खर्च होतात, तरी वाचक म्हणतात की नवीन काही नाही.

गळतीचं सगळ्यात मोठं कारण इथे दडलेलं असतं. अनुदान उशिरा हातात पडतं, मार्चअखेर हिशेब द्यायचा असतो, मग विक्रेत्याने दिलेल्या यादीवर सही होते आणि गठ्ठे येऊन पडतात. त्या यादीत सवलत जितकी मोठी, तितकी पुस्तकं न खपलेली असण्याची शक्यता जास्त. चाळीस-पन्नास टक्के सवलतीत घेतलेलं, पण एकदाही न उघडलं गेलेलं पुस्तक दहा टक्क्यांत घेतलेल्या मागणीच्या पुस्तकापेक्षा महागच पडतं.

टेबलावर एक मागणी वही ठेवा. वाचकाने पुस्तकाचं नाव लिहायचं, सोबत आपला सभासद क्रमांक. निदान अर्धी खरेदी या वहीतून झाली पाहिजे. वर्षाची रक्कम एकदम न संपवता वर्गणीच्या पैशातून दर तिमाहीला थोडी खरेदी चालू ठेवा. समजा तिमाहीला पाच हजार रुपये आहेत. त्यातले अडीच हजार मागणी वहीला, हजार बालविभागाला, हजार अनुवाद, विज्ञान, शेती, आरोग्य अशा विषयांना आणि पाचशे ज्या पुस्तकाला सतत प्रतीक्षा असते त्याच्या दुसऱ्या प्रतीला. ज्याने मागणी लिहिली त्याला पुस्तक आल्यावर पहिला फोन जायला हवा. हा फोन केला नाही तर वही महिन्याभरात कोरी पडते.

दोन गोष्टी हमखास नजरेतून सुटतात. बहुखंडी कादंबऱ्यांचा मधला खंड हरवलेला असतो आणि वाचक पहिल्याच खंडावर अडकतो. असे अपुरे संच शोधून आधी पुरे करा. दुसरं, नवीन पुस्तकांवर दाखल नोंद, शिक्का, लेबल होईपर्यंत ती महिनोन्‌महिने टेबलाखाली पडून राहतात. पुस्तक आल्यापासून आठ दिवसांत ते वाचकाच्या हातात गेलं पाहिजे.

वाचनालयांना पुस्तकांची मदत देणाऱ्या, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान या केंद्र सरकारच्या संस्थेकडून येणाऱ्या ग्रंथसंचांत निवड आपल्या हातात कमी असते. ते संच वेगळे मानून मागणीची खरेदी आपल्या निधीतून करा.

८. नवीन सभासद उत्साहाने येतात आणि दोन-तीन महिन्यांत दिसेनासे होतात. असं का होतं?

कारण पहिल्या तीन फेऱ्यांत त्यांना मनाजोगं पुस्तक मिळालेलं नसतं. नवा माणूस हजारो पुस्तकांसमोर गोंधळतो, "नवीन काय आलंय?" असं विचारतो, "तिकडे बघा" असं उत्तर मिळतं, मग जे हाती लागेल ते नेतो. चाळीस पानांत कंटाळतो. परतीची तारीख उलटते, दंडाचा संकोच वाटतो, आणि येणं थांबतं.

म्हणून पहिल्या तीन फेऱ्या ग्रंथपालाने जातीने सांभाळाव्यात. नोंदणी अर्जावरच विचारा: अलीकडे आवडलेलं पुस्तक कोणतं, रोज साधारण किती वेळ वाचता, जाड पुस्तक चालेल का. पहिल्या खेपेला दोन पुस्तकं द्या, एक त्यांच्या पसंतीचं आणि एक दीड-दोनशे पानांचं तुमच्या पसंतीचं. परत आले की "कसं वाटलं?" विचारा आणि "आवडलं नाही" हे उत्तर मोकळेपणाने घ्या, पुढची निवड त्याच उत्तरावर करायची आहे. पंधरा दिवसांत आले नाहीत तर सोळाव्या दिवशी एक निरोप: "पुस्तक अजून वाचायचं असेल तर मुदत वाढवून देतो." तिसऱ्या पुस्तकानंतर बहुतेकांना या आधाराची गरज उरत नाही.

भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं चौथं सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. नवीन सभासदाच्या बाबतीत ते शब्दशः पाळावं.

९. विलंब शुल्क घ्यावं का?

घ्या, पण त्याला कमाल मर्यादा ठेवा. रोज एक रुपया आणि मर्यादा नाही, असं असेल तर चार महिन्यांनी माणूस पुस्तकही परत करत नाही आणि स्वतःही येत नाही. एका पुस्तकाला दहा रुपयांच्या पुढे दंड नाही, असं पाटीवर लिहा. वर्षातून एक आठवडा दंडमाफीचा ठेवा. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन किंवा २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन त्याला सोयीचा. या आठवड्यात परत येणाऱ्या माणसाला पुस्तक जमा करून तसंच जाऊ देऊ नका, लगेच नवीन द्या. हरवलेल्या पुस्तकाबद्दल त्याच पुस्तकाची दुसरी प्रत किंवा चालू किंमत घ्यावी.

१०. वाचक विचारतात "काय वाचू?" आमच्या कर्मचाऱ्याचं स्वतःचं वाचन फार नाही. काय करावं?

साखळी तक्ते बनवा. एका कागदावर दहा लोकप्रिय पुस्तकं आणि प्रत्येकापुढे "हे आवडलं असेल तर" म्हणून तीन नावं, रॅक क्रमांकासह. हे काम चांगल्या वाचकांकडून करून घ्या, ते आनंदाने करतात. परत आलेली पुस्तकं लगेच जागेवर न लावता दिवसभर एका वेगळ्या फळीवर ठेवा आणि वर "नुकतीच वाचून आलेली" अशी पाटी लावा. दुसऱ्याने वाचलेलं पुस्तक लोक विश्वासाने उचलतात.

११. व्याख्यानाला दोनशे माणसं येतात, पण सभासद वाढत नाहीत. कार्यक्रम बंद करावेत का?

बंद करू नका, जागा बदला. सभागृहात झालेल्या कार्यक्रमाला आलेला माणूस पुस्तकांच्या खोलीत पाऊलही टाकत नाही. छोटे कार्यक्रम रॅकच्या मधेच घ्या. विषयाशी जुळणारी पंचवीस-तीस पुस्तकं टेबलावर मांडा आणि त्याच वेळी, अनामत न घेता, एक पुस्तक घरी न्यायची मुभा द्या. ते परत करायला तो माणूस येतो, तेव्हा सभासदत्वाचं बोला.

१२. मुलं सुट्टीत येतात आणि जूनमध्ये गायब होतात.

शाळेची वेळ आणि शिकवणीची वेळ यांच्या फटीत बालविभाग बसवावा लागतो. शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी तो उघडा असला तरी पुरे. फळी साडेतीन फुटांच्या वर नको. वयाऐवजी अक्षराच्या आकाराने आणि पानांच्या संख्येने गट करा, कारण इंग्रजी माध्यमातला पाचवीचा मुलगा मराठी कदाचित दुसरीच्या वेगाने वाचत असेल, आणि "लहान मुलांचं" पुस्तक हातात दिलं तर तो लाजतो. पुस्तक वाचल्यावर सारांश लिहायची सक्ती करू नका, त्याने मुलं पळतात.

शाळेत फिरती पेटी पाठवणं हा दुसरा मार्ग. एका पेटीत चाळीस पुस्तकं, महिन्याने पेटी बदलायची, वाटपाची वही मुलांकडेच.

१३. अभ्यासिका भरलेली असते, पुस्तकं मात्र जात नाहीत.

स्पर्धा परीक्षेचे विद्यार्थी जागा, वीज आणि शांतता यासाठी येतात. ती सेवा मोलाचीच आहे, पण तिचा हिशेब वेगळा ठेवा, नाहीतर हजेरीच्या आकड्यात वाचकांची गळती लपते. अभ्यासिकेच्या शुल्कातच महिन्याला दोन पुस्तकं नेण्याची सोय जोडा आणि दाराजवळ छोट्या कथासंग्रहांची एक फळी ठेवा.

१४. दिवाळी अंक योजनेत सभासद भरपूर मिळतात, नंतर कोणी राहत नाही.

मराठीत दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासूनची. आजही अनेक वाचनालयांना वर्षातले सर्वाधिक नवे चेहरे याच योजनेत दिसतात. चूक होते ती योजना संपवताना. मार्चमध्ये अंक संपले की संबंधही संपतो. त्यापेक्षा जानेवारीपासून प्रत्येक अंकासोबत एक पुस्तक फुकट द्या, आणि ज्यांच्या कथा त्या वर्षी गाजल्या त्यांची पुस्तकं अंकांच्या शेजारीच मांडा. योजनेच्या शुल्कातला थोडा भाग वार्षिक वर्गणीत वळता करून दिला तर बरेच जण थांबतात.

१५. व्हॉट्सॲप गटाचा उपयोग होतो का?

होतो, फक्त तो सुप्रभातच्या संदेशांत बुडू द्यायचा नसेल तर लिहिण्याचा अधिकार ग्रंथपालाकडेच ठेवा. आठवड्याला दोनच संदेश: नव्या पुस्तकांचा फोटो आणि एका पुस्तकाबद्दल चार ओळी. पुस्तक राखून ठेवायची विनंती वैयक्तिक संदेशाने घ्या.

१६. सभासद पुस्तकांच्या पीडीएफ मागतात. आपण गटावर टाकल्या तर चालतील?

प्रताधिकार (कॉपीराइट) असलेल्या पुस्तकाची पीडीएफ फिरवणं बेकायदा आहे, वाचनालयानेही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं प्रताधिकार असतो आणि ती मुदत निधनाच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून मोजतात. लेखक जुना असला तरी अनुवादकाचा हक्क वेगळा असतो, हे विसरू नका. प्रताधिकारमुक्त पुस्तकं जरूर पाठवा.

१७. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात पुस्तकांना वास येतो, बुरशी धरते. त्यामुळेही वाचक दूर जातात का?

नक्कीच जातात, आणि डांबरगोळ्यांचा उग्र वास तर दम्याच्या माणसाला दारातूनच परत पाठवतो. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी वाढते. रॅक भिंतीपासून निदान सहा इंच पुढे आणि जमिनीपासून सहा इंच वर घ्या. पाऊस नसेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडून पंखे चालवा. बंद कपाटांत बुरशी जास्त धरते. बुरशी लागलेलं पुस्तक लगेच वेगळं काढून सावलीत, पंख्याखाली सुकवा. पूर्ण कोरडं झाल्यावरच घराबाहेर, तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने झटका. ओलं असताना पुसलं तर डाग पानात मुरतो, आणि कडक उन्हात ठेवलं तर पुठ्ठा वाकतो. कसरीसाठी वेखंडाच्या पुरचुंड्या ठेवा, दर पावसाळ्याआधी बदला.

१८. महाराष्ट्राबाहेर किंवा परदेशात मराठी मंडळाचं वाचनालय चालवताना काय वेगळं करावं लागतं?

इंदूर, बडोदा, हैदराबाद इथल्या मराठी ग्रंथालयांना जुनी परंपरा आणि स्वतःची जागा आहे, त्यांना वरचं बहुतेक सगळं लागू पडतं. परदेशात जागाच नसते. पुस्तकं एका गॅरेजमधल्या खोक्यांत बंद न ठेवता आठ-दहा घरांत विभागा आणि कोणतं पुस्तक सध्या कुणाकडे आहे याची सामायिक यादी सगळ्यांना दिसू द्या. गणपती आणि संक्रांतीच्या कार्यक्रमात अदलाबदलीचं टेबल लावा. भारतातून येणाऱ्याला मोघम "पुस्तकं आणा" न सांगता मागणी वहीतली नावं पाठवा, सामानात जेमतेम चार-पाचच मावतात. तिथे वाढलेल्या मुलांसाठी मोठ्या अक्षरांची चित्रपुस्तकं आणि त्यांचं ध्वनिमुद्रित वाचन सोबत ठेवा.

१९. सोसायटीत ग्रंथपाल नाही, फक्त एक उघडं कपाट आहे: पुस्तक ठेवा, पुस्तक न्या. सहा महिन्यांत त्यात रद्दीच उरली. हे चालू शकतं का?

चालतं, कपाटाला एक पालक असेल तर. उघड्या कपाटातून चांगली पुस्तकं आधी जातात आणि गाइडं, जुनी मासिकं, कंपन्यांच्या माहितीपुस्तिका साठत जातात, म्हणून दर आठवड्याला पंधरा मिनिटं निवड करावीच लागते. साठ-सत्तरपेक्षा जास्त पुस्तकं ठेवू नका. दोन महिने न हललेलं पुस्तक काढून जवळच्या वाचनालयाला किंवा दुसऱ्या सोसायटीच्या कपाटाला द्या आणि तिकडची पंधरा-वीस आणा. कपाट लिफ्टसमोर ठेवा, सोसायटीच्या कार्यालयात नको, कारण कार्यालय सातला बंद होतं. नोंदवही ठेवली तरी कोणी लिहीत नाही. त्याऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या आत एक कोरा कागद चिकटवा, वाचणाऱ्याने फक्त तारीख आणि मजला लिहायचा. पुढे खरेदी करायची वेळ आली तर कोणत्या प्रकारची पुस्तकं हलतात, हे त्या कागदांवरूनच कळेल.